बरोबर कुणी का नाही? तुम्ही विचारलेत म्हणून

शाळेची जुनी बस हेच माझे घर आहे, आणि ती घेऊन गावोगाव हिंडत मी माझी चित्रे विकते. बसच्या दारात मांडलेली चित्रे पाहता पाहता माणसे हलकेच मान आत घालतात, मागच्या काचेपर्यंत नजर फिरवतात आणि मग विचारतात, "बरोबर कुणी नाही?" आंगणेवाडीच्या जत्रेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कणकवलीच्या गॅरेजमध्ये आणि नातेवाइकांच्या लग्नांत गेली सात वर्षे मला हाच प्रश्न विचारला जातो. भीती वाटत नाही का, यात पोट भरते का, असेही विचारतात, पण त्यांची उत्तरे माझ्याजवळ तयार आहेत: भीती वाटते, आणि पोट भरते, पण जेमतेम. बरोबर कुणी का नाही, याचे उत्तर मात्र मी माणूस बघून बदलत आले आहे, आणि त्यातले एकही पूर्ण खरे नव्हते. म्हणून एकदा नीट लिहिते. नोकरी का सोडली आणि शाळेची जुनी बस कशी विकत घेतली, ती गोष्ट वेगळी आहे. ती इथे सांगत नाही.

सर्वांत जास्त वेळा दिलेले उत्तर जागेचे आहे आणि ते खोटे नाही. माझी बस आतून पंधरा फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. परवानगी घ्यावी लागते, बदल नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा लागतो. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय काढायचे याचा इंचाइंचाचा हिशेब कोल्हापूरच्या बॉडी बांधणाऱ्या कारागिराबरोबर बसून मी आधीच केला होता. एका अंगाला झोपायचा बाक, दुसऱ्या अंगाला कामाचे टेबल, त्याखाली कागद, कडेला शेगडी आणि पाण्याचा कॅन. मी लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचे, रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून तो चमच्याच्या पाठीने घासायचा आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू उचलायचा. उचललेला छाप ओला असतो. शाई तेलाची असल्यामुळे किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो तीन-चार दिवस ओलाच राहतो, आणि तेवढे दिवस त्याला कशाचाही स्पर्श होऊन चालत नाही. म्हणजे माझ्या घरात बहुतेक रात्री डोक्यावर ओले कागद टांगलेले असतात, आणि मी त्यांच्याखालून वाकून चालायला शिकलेली आहे. दुसऱ्या माणसाला मी कुठे वाकायला लावू?

हे ऐकून बहुतेकांचे समाधान होते. ज्यांचे होत नसे त्यांना मी परंपरेचा दाखला देत असे. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या घेऊन गावोगाव जात आणि देवळात एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने गात. चित्र घेऊन हिंडणे हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नाही, आपल्याच मातीतली ही रीत आहे, असे मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. पुढे पिंगुळीला गेले. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात उभे केलेले संग्रहालय पाहिले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याच घरी काही आल्यासारखे मला वाटले होते. तिथे चित्रांइतकीच माझी नजर वाद्यांवर खिळली. वीणा, डमरूसारखा हुडूक, टाळ. एक जण चित्र दाखवून कथा सांगणार, दुसरा हुडूक वाजवणार, तिसरा टाळ धरून त्याच्या मागे सूर ओढणार. चित्रकथी एकटा हिंडतच नव्हता. ज्यांचा दाखला मी माझ्या एकटेपणासाठी देत होते, त्यांचे चित्र दोन-तीन माणसांच्या गळ्याशिवाय पुरे होत नव्हते. त्या दिवसापासून मी तो दाखला देणे सोडले.

एक उत्तर रागाचेही होते. पुरुष एकटा ट्रक घेऊन केरळपर्यंत गेला तर त्याला कुणी विचारत नाही, मग मलाच का, असे मी तावातावाने म्हणत असे. आजही त्यात तथ्य आहे असे मला वाटते. पण फोंडाघाटाच्या पायथ्याशी चहा पिताना एका ट्रकचालकाने मला शांतपणे सांगितले की ट्रकवर क्लीनर असतो, आणि ज्या फेरीला क्लीनर नसतो ती फेरी त्याला नकोशी होते.

आणि मी एकटी असते म्हणजे नेमकी किती एकटी असते? 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रीचे प्रमाणपत्र मिळते ते त्या त्या नगरपालिकेकडून, तिच्या हद्दीपुरते. आज मालवण आणि पुढच्या आठवड्यात सावंतवाडी, अशा माझ्यासारख्या बाईचे नाव कोणत्याच गावाच्या यादीत बसत नाही. मी उभी राहते ती कुणाच्या तरी अंगणात, कुणाच्या दुकानाच्या कडेला, देवस्थानच्या माणसांना विचारून. पाणी दुसऱ्याच्या विहिरीचे असते आणि पावसाळ्याचे चार महिने बस मैत्रिणीच्या शेडमध्ये असते. एवढ्या माणसांच्या जिवावर जगणाऱ्या बाईने स्वतःला एकटी म्हणवून घेणे मला अलीकडे अवघड जाते. तरीही रात्री दार लावल्यावर आत मी एकटीच असते, आणि तुमचा प्रश्न त्या दाराच्या आतला आहे हे मला समजते.

तर आता आतले सांगते.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत मी आईला बोलावले. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. ती नको म्हणत होती, मी तीनदा आग्रह केला. तिने कोल्हापुराबाहेर फारसे काही पाहिले नव्हते, आणि आपली लेक कुठे राहते हे तिने डोळ्यांनी पाहावे असे मला फार वाटत होते. महिनाभर राहायचे ठरले. बाक तिला दिला, मी टेबलाखालचे कागद हलवून खाली अंथरूण घालू लागले. पहिले आठ दिवस इतके चांगले गेले की मी मनातल्या मनात पुढच्या वर्षाचा बेत आखू लागले होते. ती सकाळी अंगणवाल्या काकूंबरोबर नारळ सोलत बसे, दुपारी गिऱ्हाइकांशी बोले. माझ्यापेक्षा चांगले बोले. चित्राची किंमत सांगताना माझा आवाज बारीक होतो. तिचा होत नसे.

त्या दिवसांत मी रापणीचे चित्र करत होते. मालवणच्या किनाऱ्यावर दोन दोऱ्यांना लागलेली माणसे जाळे ओढत आहेत, असे. ते रिडक्शन पद्धतीचे होते. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा नसतो. एकाच लिनोवर थोडे कोरायचे, पहिला रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग त्याच लिनोवर आणखी कोरायचे, दुसरा रंग छापायचा. रंग वाढत जातात तसा लिनो संपत जातो. मागे जाता येत नाही. जेवढे कागद सुरुवातीला घेतले तेवढ्याच प्रती. एक बिघडली की ती कायमची गेली. मी वीस कागद घेतले होते. वाळूचा पिवळा झाला होता, फिकट हिरवा झाला होता, त्या संध्याकाळी समुद्राचा निळा छापून झाला आणि शेवटचा काळा तेवढा राहिला होता. एकेक प्रत अठराशे रुपयांना विकायची होती आणि त्या पैशांतून पुढचे टायर घ्यायचे होते. पण खरे सांगायचे तर टायरचा मुद्दा मी नंतर शोधून काढला. त्या वेळी मला एवढेच ठाऊक होते की इतके चांगले काम माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते.

बसच्या छताला उभ्या मुलांनी धरायचा जुना दांडा आहे. तो मी काढला नव्हता. आई दिवसभर, एसटीत धरतात तसा, तोच धरून चालत असे. त्या रात्री वीस कागदांना जागा पुरेना, म्हणून मी एक जादा दोरी दांड्याच्या पुढे, त्याच उंचीवर बांधली, आणि तिला सांगायचे राहून गेले. पहाटे तीनच्या सुमारास ती पाण्यासाठी उठली. अंधारात तिचा हात सवयीने वर गेला. दोरी तुटली, तिने तोल सावरायला दुसरी धरली, आणि कागद एकमेकांवर तोंडे लावून खाली पडले. मी दिवा लावला तेव्हा ती बाकाची कड धरून उभी होती. "दांडा समजून धरलं गं," एवढेच ती म्हणाली.

मी म्हणाले, "तुला इथं कुणी बोलावलं होतं?"

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे, कारण आजवर ते सांगताना मी नेहमी थोडे मऊ करत आले. त्यानंतरही मी बरेच बोलले. ते रागाच्या भरातले होते, त्याचे मला तेवढे वाटत नाही. हे पहिले वाक्य मात्र मी ओरडून नव्हे, अगदी हळू आवाजात म्हणाले होते. तीनदा आग्रह मी केला होता. ती काही बोलली नाही. खाली बसली आणि एकेक कागद मांडीवर घेऊन पदराच्या टोकाने निळी शाई टिपू लागली. टिपल्याने शाई पसरते. ते मला दिसत होते, आणि मी तिला थांबवले नाही. उजाडेपर्यंत सात प्रती नीट उरल्या होत्या, तेरा गेल्या होत्या, आणि तिचा पदर हातभर निळा झाला होता. ही शाई गोडेतेल चोळले की निघते. मी रोज तशीच हात धुते. तेही मी तिला सांगितले नाही.

सकाळी तिने पिशवी भरली. मी कुडाळच्या स्टँडवर सोडायला गेले. ज्येष्ठांचे अर्धे तिकीट काढून ती कोल्हापूरच्या गाडीत बसली आणि खिडकीतून म्हणाली, "जेवण वेळेवर कर." गाडी गेल्यावर मला सुटल्यासारखे वाटले. वाईटही वाटले, पण ते दुपारी. आधी सुटल्यासारखेच वाटले, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे कुठेतरी आहे असे मला वाटते.

म्हणजे बरोबर कुणी नाही ते जागा नाही म्हणून नव्हे, माझा स्वभावच तसा आहे म्हणून, असे तुम्ही म्हणाल. मीही वर्षभर स्वतःला तेच सांगितले. पण तेही पुरते खरे नाही. पावसाळ्यात छाप आठवडा-आठवडा वाळत नाहीत, कागद दमट होतो, म्हणून जून ते दसरा मी कोल्हापुरात आईकडेच राहते. दोन खोल्यांत आमचे एकदाही वाजलेले नाही. प्रतींमध्ये घालायचे बटरपेपर तीच कापते, माझ्यापेक्षा सरळ कापते. मग तीच बाई आणि तीच मी बसमध्ये नऊ दिवसांपलीकडे का टिकलो नाही? काम आणि घर एकाच खोलीत असले की कामाला लागलेला धक्का माणसाने मुद्दाम दिल्यासारखा वाटतो, असे मी एका मैत्रिणीला म्हणाले होते. ती म्हणाली, बारा बलुतेदारांची सगळी घरे तशीच होती, मग ती माणसे एकत्र कशी राहिली? मला उत्तर देता आले नाही. एकटीने केलेले काम अधिक चांगले होते, असेही मी मध्यंतरी मानत होते. पण रापणीच्या त्या चित्राच्या तोडीचे काम त्यानंतरच्या वर्षांत, पूर्ण एकांतात, माझ्या हातून झालेले नाही.

उरलेल्या सात प्रतींवर मी काळा रंग छापला. सहा विकल्या गेल्या. सातवी आईच्या खोलीत आहे. ती मी तिला दिलेली नाही. एका पावसाळ्यात माझ्या कागदांतून तिनेच काढून भिंतीला लावली, आणि त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही. बसमधली दोरी आता छताला लागून बांधलेली आहे. दांडा मोकळा आहे. बाकावर मात्र मी अजून कागदांचे गठ्ठे ठेवते आणि खालीच झोपते, जणू बाकावर कुणी आहे.

गेल्या दसऱ्यानंतर निघाले तेव्हा आई शेडपर्यंत आली होती. भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी तिने पायरीवर उभे राहून आत ठेवली नाही. खालूनच, हात लांब करून माझ्या हातात दिली. "दोरी वर बांधलीस ना?" तिने विचारले. मी हो म्हणाले. ती थोडा वेळ तशीच दारापाशी उभी राहिली. आत ये, बघ, असे म्हणायला तेवढा वेळ पुरेसा होता.