भाजल्याच्या जुन्या वणातली जखम: माझा अनुभव

साखर तपासली, ठीक. पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली, तीही ठीक. तरी गुडघ्याच्या लवणीतली जखम काही भरेना. लहानपणी बंबातलं उकळतं पाणी पायावर सांडलं होतं, त्याचा वण तिथे होता. तेव्हा कातडी लावली नव्हती, जखम आपली आपण भरली. ताणलेली, पातळ त्वचा. चालताना फुटायची, खपली धरायची. या खेपेला मात्र कडा जाड होऊन बाहेर उलटल्या, वास येऊ लागला, ड्रेसिंग काढताना रक्त यायचं.

प्लास्टिक सर्जननी पाहताक्षणी सांगितलं, ‘‘तुकडा काढून तपासू.’’ घरी आत्या अडून बसली: ‘‘सुरी लावू नकोस गं, पसरतं ते.’’ डॉक्टरांनी तिलाच समोर बसवून समजावलं, की तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही, उशिरा कळल्याने पसरतो.

पहिला रिपोर्ट आला ‘जुनाट सूज’. मी सुटले म्हणाले, डॉक्टर म्हणेनात. मधल्या मेलेल्या भागात काही सापडत नाही म्हणून त्यांनी काठावरून, दोन-तीन जागी, खोलवर तुकडे घेतले. त्यात निघालं: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. वणातल्या अशा जखमेला मार्जोलिन अल्सर म्हणतात. फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये वणांतल्या अशा जखमांचं वर्णन केलं होतं. भाजल्यानंतर तीस-तीस वर्षांनीही तो होतो, हे मला कुणीच कधी बोललं नव्हतं.

पुढे कॅन्सर पसरलाय का ते पाहायला एमआरआय, जांघेतल्या गाठींची तपासणी. रेशनकार्ड, आधार देऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली. ऑपरेशनमध्ये जखमेभोवतीची दोन सेंटिमीटर चांगली त्वचाही काढली आणि मांडीची कातडी तिथे लावली. खरं दुखणं त्या मांडीचंच! लवणीत फारसं काही जाणवायचं नाही, मांडी मात्र रात्रभर आग आग करायची. गुडघा वाकू नये म्हणून पाय पट्टीत बांधलेला, त्यामुळे कूसही बदलता येईना.

काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे तिथे कॅन्सर उरला नव्हता, गाठींतही काही नव्हतं, रेडिएशन टळलं. आता दर तीन महिन्यांनी जांघ आणि वण दाखवून येते. घोट्याजवळही त्याच पाण्याचा वण आहे. चपलेचा पट्टा तिथे घासायचा, म्हणून ती चप्पल बहिणीला देऊन टाकली.