गणपती गेले, आता लो-कार्बवर परत कसं यायचं?

अनंत चतुर्दशी झाली की हा प्रश्न ठरलेला असतो: "दहा दिवस मोदक, करंज्या, महाप्रसाद, सगळं झालं. वजन तीन किलो वाढलंय. आता दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहू का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाण्यावर राहू नका. आधी त्या तीन किलोंचं बघू. भात, पोळी, गूळ यांतले कार्ब (कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर) शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, ढोबळमानाने ४०० ते ५०० ग्रॅम. त्यातल्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. लो-कार्बवर असताना ही कोठी बरीचशी रिकामी असते, सणात ती भरते. म्हणजे वाढलेल्या वजनातले दीड-दोन किलो चरबी नाहीच. ते आठवडाभरात जसं आलं तसं उतरतं. तोवर वजनकाटा पलंगाखाली सरकवून ठेवलात तरी चालेल.

दुसरं, सोमवारची वाट बघू नका. आपलं कॅलेंडर बघा: चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्षातली खीर-वडे, मग नवरात्राचे उपास, कोजागरी, दिवाळी. मोकळा सोमवार मिळायला मार्गशीर्ष उजाडेल, आणि त्यात पुन्हा गुरुवार आहेतच. पुढचं जेवण हीच सुरुवात. दुपारी पुरणपोळी झाली असेल तर रात्री दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि पालेभाजी, किंवा परतलेलं पनीर आणि काकडीची कोशिंबीर. संपला विषय.

किती कार्ब? दिवसाला १३० ग्रॅमच्या आत असलं की लो-कार्ब म्हणतात, २० ते ५० म्हणजे कीटो, त्यातलाच कडक प्रकार. सणाआधी ५० वर असाल तर पहिले तीन-चार दिवस ८०-१०० वर थांबा, मग खाली या. एका उडीत २० वर जाणारे बहुतेक तिसऱ्या दिवशी गळतात, आणि त्याचं कारण मनोनिग्रह वगैरे नसून मीठ असतं. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि त्याबरोबर पाणीही जातं. मग डोकं ठणकतं, पाय जड होतात, रात्री पोटरीत गोळा येतो. माणूस म्हणतो, "मला हे डाएट सोसत नाही", आणि चहाबरोबर चार बिस्किटं खातो. बरं वाटतं, त्यामुळे खात्रीच पटते!

त्यावर उपाय स्वस्त आहे. सकाळी अकराच्या सुमारास पातळ ताकात पाव चमचा मीठ आणि जिरेपूड, संध्याकाळी तेवढंच मीठ घातलेलं गरम सार किंवा मटणाचं अळणी पाणी. चार-पाच दिवस एवढं पुरतं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर परत येतानाच जास्त जपायचं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनचा डोस सणातल्या जेवणाला पुरेसा असतो. कार्ब अचानक कमी केले तर त्याच डोसवर साखर धाडकन खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर फार कमी कार्ब किंवा कडक उपास केला तर साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा जिवावर बेतणारा प्रकार, होऊ शकतो. डॉक्टरांशी आधी बोला, ताट नंतर बदला.

ग्लुकोमीटरवाल्यांसाठी एक गोष्ट. बरेच दिवस लो-कार्बवर राहून एकदम मोदक खाल्ले तर साखर नेहमीपेक्षा जास्त उसळते, कारण शरीराची तेवढी कार्ब हाताळायची सवय मोडलेली असते. म्हणूनच ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या (ग्लुकोजचं पाणी पाजून करतात त्या रक्ततपासणीच्या) आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब खायला सांगतात. तेव्हा सणातल्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आठवडाभर नेहमीचं जेवून उपाशीपोटीची साखर बघा.

आता ताट. भाकरी-पोळीची जागा रिकामी ठेवली की भूक लागणारच, ती प्रथिनांनी भरा: दर जेवणात २५-३० ग्रॅम. एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. बांगडा, सुरमई उत्तम, फक्त रव्यात घोळवू नका. गवार, दोडका, मेथी, वांगं, कोबी पोटभर खा, आणि फोडणीला तेलाची कंजुषी नको. फसवणूक होते ती "भाकरी सोडली, नुसतं पिठलं खाल्लं" इथे. ५० ग्रॅम बेसनात २९-३० ग्रॅम कार्ब आहेत, ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाची भाकरी ३५ च्या घरात. म्हणजे सोडलंत काय? पीठ पेरलेल्या भाजीचंही तेच. दोन मोठे चमचे बेसन म्हणजे दहा-बारा ग्रॅम. आमटीतला गूळ मोजायचा राहून जातो तो वेगळाच.

घरात उरलेले पेढे, खिरापत, चिवडा आजच वाटून टाका. फ्रीजमध्ये मागे सरकवलेला डबा रात्री साडेदहाला बरोबर सापडतो.

नवरात्राचं आत्ताच ठरवा, कारण खरी घसरण तिथे होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च: ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४ ग्रॅम कार्ब. भगरही त्याच पंगतीतली, आणि बटाट्याचा कीस वर. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे मूठभर, दही, पनीर, ओला नारळ. घरात चालत असेल तर तुपावर परतलेली भेंडी. आणि खमंग काकडी: दाण्याचं कूट सढळ, तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, लिंबू. त्यात साखर घालायची सवय असेल तर तेवढी चिमूट सोडा.