फॉर्म अडतो कुठे? नोंदणीचा फॉर्म सुधारण्याची माझी पद्धत

मोबाइलवरचा नोंदणीचा फॉर्म सुधारायला घेतला की रंग आणि आयकॉनना मी सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी प्रत्येक रकान्यापुढे लिहितो : ही माहिती कोण वापरणार, कधी? उत्तर नसेल तर रकाना उडवतो.

मग लेबल, म्हणजे रकान्यात काय भरायचं ते सांगणारं नाव. प्लेसहोल्डरलाच, म्हणजे रिकाम्या रकान्यात दिसणाऱ्या फिकट मजकुरालाच लेबल केलं की टाइप करायला लागताच ते गायब होतं. मध्येच फोन येऊन गेला, तर इथे काय भरायचं होतं हे बघायला लिहिलेलं खोडावं लागतं. म्हणून लेबल रकान्याच्या वर आणि कायम दिसणारं. रकान्यातला फॉन्ट 16 पिक्सेलच्या खाली नेत नाही. त्याहून लहान असला तर आयफोनवर सफारी रकान्यात बोट ठेवताच पान झूम करतं.

ओटीपीसाठी कोडमध्ये इनपुट टाइप, म्हणजे रकान्याचा प्रकार, 'नंबर' ठेवायचा मोह होतो. पण ओटीपी ही संख्या नव्हे, नुसती अंकांची ओळ. सुरुवातीचं शून्य गळलं की कोड चुकला. टाइप 'टेक्स्ट' आणि इनपुटमोड (कोणता कीपॅड उघडायचा ते सांगणारी सेटिंग) 'न्यूमेरिक' ठेवला की कीपॅड अंकांचाच उघडतो. सहा सुटे चौकोन दिसायला छान, पण पेस्टचं वेगळं कोडिंग नसेल तर पहिल्या चौकोनात एक अंक पडतो आणि बाकीचे हरवतात. मी सरळ एकच रकाना देतो.

खरा वेळ जातो एरर मेसेजवर. ईमेलचं पहिलं अक्षर पडताच लाल अक्षरांत 'चुकीचा ईमेल' म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा. तपासणी रकाना सोडल्यावर. एकदा चूक दाखवली की मात्र नियम उलटा : आता दर अक्षराला तपासायचं, म्हणजे दुरुस्त होताक्षणी मेसेज जातो. नुसती लाल चौकट पुरत नाही, रंग न ओळखता येणाऱ्यांना ती कळतच नाही. मजकूर हवा, त्याचा कॉन्ट्रास्ट (मागच्या रंगाशी उजळपणातला फरक) किमान 4.5:1 हवा, आणि तो कोडमध्ये 'एरिया-डिस्क्राइब्डबाय'ने (aria-describedby) रकान्याला जोडलेला हवा. नाहीतर त्या रकान्यावर आल्यावर स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो वाचून दाखवत नाही.

सगळं भरेपर्यंत 'पुढे' बटण बंद ठेवायची पद्धत मला पटत नाही. काय राहिलंय ते बंद बटण सांगत नाही. बटण चालू ठेवावं, आणि दाबल्यावर फोकस (टाइप करायची जागा) पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्यावा. सर्व्हरकडून एरर आला तर पासवर्ड पुसला गेलेला चालेल, बाकी भरलेलं सगळं जागच्या जागी हवं.