गोव्यातल्या एका नव्या भुंगेऱ्याचं वर्णन लिहिताना: माझा अनुभव

पोखरलेल्या काजूच्या खोडावर किंवा रचून ठेवलेल्या सुक्या बांबूंवर मुंगीसारखी लगबग करणारा, चट्ट्यापट्ट्यांचा, अंगभर ताठ केस असलेला भुंगेरा दिसला, तर तो क्लेरिडी कुळातला असण्याची शक्यता मोठी. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची आणि त्यांच्या अळ्यांची शिकार करणारं हे कुळ. जगभरात त्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास प्रजाती नोंदलेल्या आहेत. खोबऱ्यात आणि सुक्या मासळीत होणारा तांबड्या पायांचा निळा नेक्रोबिया रुफिपेस याच कुळातला, तो बहुतेकांनी घरात पाहिलेला असतो. सह्याद्रीच्या गोव्याकडच्या उतारावर मिळालेल्या याच कुळातल्या एका प्रजातीचं वर्णन आम्ही लिहिलं, त्याची पद्धत इथे सांगतो. प्रजातीचं नाव मुद्दाम देत नाही. शोधनिबंधाआधी असं कुठेही टाकलेलं नाव नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ग्राह्य नसतं, पण लोक ते वापरू लागतात आणि पुढे निस्तरत बसावं लागतं.

सुरुवात परवानगीपासून. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या संरक्षित क्षेत्रांत वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक किडाही उचलायचा नाही. अर्जात गोळा करण्याची पद्धत, नमुन्यांची कमाल संख्या आणि ते शेवटी कुठे ठेवणार हे स्पष्ट लिहावं. खासगी भाटात, म्हणजे बागायतीत, भाटकाराला म्हणजे तिच्या मालकाला विचारावं.

पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून काही प्रजाती मिळतात, फांद्या झोडपून खालच्या कापडावरही पडतात. मला मात्र सगळ्यात भरवशाची वाटते ती फांद्या डब्यात ठेवण्याची पद्धत. भुसा गळत असलेल्या फांद्यांचे ४०-५० सेंटिमीटरचे तुकडे जाळीच्या झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि रोज पाहायचं. यातून नर-मादी दोन्ही मिळतात, शिवाय झाड कोणतं आणि भक्ष्य कोणतं तेही हाती येतं. दिव्यावर आलेल्या नमुन्याबद्दल यातलं काहीच कळत नाही.

मारण्यासाठी एथिल अ‍ॅसिटेट. डीएनएसाठी एखादा नमुना किंवा एक पाय ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये ठेवावा, पण सगळे नमुने त्यात बुडवू नयेत. या कुळात केसांचा रंग, लांबी आणि दिशा ही महत्त्वाची लक्षणं आहेत, आणि इथेनॉलमध्ये केस एकमेकांना चिकटून चपटे होतात. किडा लहान असेल तर त्याला टाचणी टोचायची नाही. कार्डाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर तो उजव्या बाजूने पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवायचा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, साध्या इथल्या हवेत गंजतात. जून ते सप्टेंबर या काळात खोक्यात सिलिका जेल आणि बुरशी रोखणारं थायमॉल नसेल तर आठवड्याभरात बुरशी चढते आणि केसांमधून ती काढता येत नाही.

आता खरा मुद्दा. प्रजाती गोव्यात पहिल्यांदा सापडणं वेगळं आणि विज्ञानालाच नवी असणं वेगळं. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, त्यामुळे ब्रिटिश वन अधिकाऱ्यांनी गोळा केलेल्या जुन्या नमुन्यांवर सहसा लेबलं सापडतात ती ‘बेळगाव’ आणि ‘कनारा’ अशी. पण घाटातलं जंगल तर सलग आहे. गोव्यातल्या काणकोणात मिळालेल्या भुंगेऱ्याला कारवारच्या नमुन्यावरून शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेलं असू शकतं. म्हणून कॉर्पोराल यांच्या या कुळाच्या १९५० च्या सूचीतून त्या वंशातली आशियातली प्रत्येक प्रजाती उतरवून घेतली आणि प्रत्येकीचं मूळ वर्णन मिळवलं. ही वर्णनं लॅटिन, फ्रेंच, जर्मनमध्ये, बऱ्याचदा पाच-सहा ओळींची आणि मुख्यतः रंगावर बेतलेली असतात. रंगावर तर अजिबात विसंबता येत नाही. कोशातून नुकताच बाहेर आलेला किडा फिकट असतो, आणि पंखकवचावरचा पट्टा एकाच प्रजातीत कधी रुंद, कधी तुटक असतो.

त्यामुळे मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून प्रजातीला नाव दिलं गेलं तो किडा, पाहण्याला पर्याय नाही. यांतले बरेचसे लंडन, पॅरिस इथल्या संग्रहालयांत आहेत. ते पोस्टाने मिळतीलच असं नाही, पण छायाचित्रं मागवता येतात. मागताना नेमकं लिहावं: वरून, बाजूने, डोकं समोरून, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), मागचं पाऊल, सगळी लेबलं, आणि प्रत्येक चित्रात मोजपट्टी. ‘एक फोटो पाठवा’ असं लिहिलं की फक्त वरून घेतलेला फोटो येतो, आणि त्यात रंगाखेरीज काही दिसत नाही.

निर्णय बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियावर होतो. सुका नमुना साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात काही तास ठेवून सांधे सैल करायचे, मग आकडी टाचणीने मागच्या पायांच्या बुडाशी पोट सुटं करायचं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर नेहमीच्या तापमानाला ठेवायचं. घाईने उकळलं तर पातळ पडदे विरघळतात आणि भाग सुटे होतात. नंतर पाणी, व्हिनेगरचा थेंब, मग ग्लिसरीन. जननेंद्रियाची आतली नळी ओढताना तिच्या पुढच्या टोकाची बारीक काडी धरू नये, ती हमखास मोडते. भोवतालचे पोटाचे खंड बाजूला करत जावं. चित्र काढताना ती जराशी जरी वळली तरी कडेचा आकार बदलतो आणि नसलेला फरक दिसू लागतो. काचेच्या वाटीत हात धुण्याचं पारदर्शक जेल घेऊन त्यात ती रोवली की हलत नाही. वरून, खालून, बाजूने अशी तीन चित्रं झाली की ती ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत घालून नमुन्याच्याच टाचणीला लावायची.

वर्णनात शृंगिकांचे खंड आणि टोकाची गदा, डोळ्याची रुंदी आणि दोन डोळ्यांमधलं अंतर यांचं गुणोत्तर, पंखकवचावरच्या खड्ड्यांच्या रांगा कुठे संपतात, नख्यांना दात आहे का, हे सगळं क्रमाने येतं. जवळच्या प्रजातींपासूनचे फरक स्वतंत्र परिच्छेदात लिहावेत. संहितेनुसार १९९९ नंतरच्या नावाला होलोटाइप (नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकमेव नमुना) स्पष्टपणे नेमलेला असावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे लिहावं लागतं. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकासाठी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही सक्तीची आहे, आणि तिचा पुरावा निबंधातच छापलेला हवा. ‘गोएन्सिस’सारखं नाव ठेवायचं तर वंशनामाचं लिंग तपासावं, नपुंसकलिंगी असेल तर ते ‘गोएन्से’ होतं.

जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना शासनाने नेमलेल्या भांडाराला द्यावा लागतो. कीटकांसाठी आम्ही भारतीय प्राणी सर्वेक्षण निवडलं. होलोटाइप तिथे लाल लेबलासह जमा करून नोंदणी क्रमांक आधीच घ्यावा. निबंधात ‘जमा करणार आहोत’ असं लिहिलं की परीक्षक हमखास परत पाठवतात, आणि मला त्यांचं ते वागणं योग्यच वाटतं.