८०० वरचं स्पीडुइनो: हेडलाईट लावली की पडणाऱ्या आयडलचा छडा लागला

मारुती ८०० ला स्पीडुइनो लावलाय, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा ओपन-सोर्स संगणक (ईसीयू). त्याची मागच्या अपडेटमध्ये अडकलेली तक्रार सुटली. रिकामी गाडी ९०० आरपीएमला छान उभी, पण हेडलाईट आणि ब्लोअर लावला की आयडल ६५० पर्यंत घसरायचा आणि कधी इंजिन बंदच. लॉगमध्ये एएफआर (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) १३.८ वरून थेट १७ च्या आसपास. म्हणजे इंजिन लीन होत होतं, पेट्रोल कमी पडत होतं. मॅप (इनटेकमधला दाब) आणि टीपीएस (थ्रॉटल किती उघडं ते सांगणारा सेन्सर) मात्र जागच्या जागी.

पहिला संशय पंपावर येतोच. गेज लावून पाहिलं: रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढल्यावर ३ बार, लावल्यावर आयडलला साधारण २.४. लाईट लावल्यावरही काटा हलला नाही. पंप निर्दोष सुटला.

उरतो डेड टाईम. ईसीयूने ३ मिलिसेकंदांची पल्स दिली तरी इंजेक्टर ३ मिलिसेकंद उघडा नसतो. कॉइलमध्ये करंट चढून सुई उचलेपर्यंत वेळ जातो आणि व्होल्टेज कमी झालं की हा वेळ वाढतो. बंद होण्याचं काम स्प्रिंगचं असल्यामुळे तिकडे फारसा फरक नाही. सुई उघडायला लागलेल्या वेळातून बंद व्हायला लागलेला वेळ वजा केला की उरतो तो डेड टाईम.

आता हिशेब बघा. ८०० च्या एफ८बी इंजिनाचा एक सिलिंडर २६५ सीसीचा. १०० केपीए आणि १००% व्हीईला (व्हीई म्हणजे सिलिंडर हवेने किती टक्के भरतो ते) त्यात साधारण ०.३२ ग्रॅम हवा, म्हणजे ०.०२२ ग्रॅम पेट्रोल. १५० सीसी/मिनिटच्या इंजेक्टरला त्यासाठी ११.७ मिलिसेकंद लागतात. पण आयडलला ३५ केपीए आणि ५०% व्हीई धरलं तर कामाचा वेळ उरतो जेमतेम २ मिलिसेकंद. त्यावर १ मिलिसेकंद डेड टाईम. आयडलच्या पल्सचा एक तृतीयांश भाग नुसता सुई हलवण्यात जातो, म्हणून ०.३ मिलिसेकंदांची चूक इथे १५% पेट्रोल खाते. फुल लोडला तीच चूक ३% सुद्धा नसते. व्हीई टेबलमध्ये आयडलचे रकाने वाढवून हा दोष झाकता येतो, पण मग लाईट बंद केली की इंजिन रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. हा उपाय करूच नका.

डेड टाईम मोजायची पद्धत सोपी आहे. रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) ३ बार दाब, इंजेक्टर मोजपात्रात, १००० पल्स. १४ व्होल्टला ३ मिलिसेकंदांच्या पल्सने ५ सीसी आणि ६ मिलिसेकंदांच्या पल्सने १२.५ सीसी मिळाले, म्हणजे प्रत्येक मिलिसेकंदाला २.५ सीसी. रेष मागे ओढली की ती १.० वर शून्याला लागते. १२ व्होल्टला ४.२५ आणि ११.७५, म्हणजे १.३. १० व्होल्टला ३ आणि १०.५, म्हणजे १.८. टेस्टिंग फ्लुइडच वापरा, पेट्रोलचा फवारा उघड्यावर नको. फ्लुइड वेगळं असल्याने सीसीचा आकडा थोडा सरकेल, डेड टाईम जवळपास तोच राहील.

ट्यूनरस्टुडिओत (ईसीयूच्या सेटिंग भरायचं सॉफ्टवेअर) व्होल्टेज करेक्शन १४ ला १००, १२ ला १३० आणि १० ला १८० टक्के भरलं. मोड ‘फक्त ओपन टाईम’ हवा, म्हणजे हे टक्के फक्त डेड टाईमला लागतात. ‘पूर्ण पल्स’ ठेवून आयडल जुळवला तर १२ व्होल्टला १०% भरावे लागतात आणि ११ मिलिसेकंदांच्या पल्सला १.१ मिलिसेकंद जास्त मिळतो. गरज ०.३ ची.

एवढं करूनही लाईट लावल्यावर एएफआर १५.७! खरी मेख इथे होती. ईसीयू स्वतःच्या सप्लायचं व्होल्टेज मोजतो, इंजेक्टरचं नाही. ईसीयूकडे १३.१ दिसत होते, इंजेक्टरच्या प्लगवर ११.७. इंजेक्टरची लाईन किल्लीच्या जुन्या स्विचमधून येते, ब्लोअरही त्याच झिजलेल्या कॉन्टॅक्टवर. बॅटरीपासून १५ अँपिअर फ्यूज, रिले आणि २.५ स्क्वेअरची वायर टाकली, स्विचकडे फक्त रिलेची कॉइल ठेवली. आता फरक ०.१ व्होल्ट, आणि लाईट, ब्लोअर, वायपर सगळं चालू असताना एएफआर १३.८ ते १४. काटा असा थिजलेला बघायला फार गोड वाटतं!

रिले सॉकेटसकट घ्या आणि टर्मिनल क्रिम्प करा. सोल्डर वायरीत वर चढतो आणि कंपनाने वायर तिथेच तुटते. कुर्ल्याचे जुने इंजेक्टर अल्ट्रासोनिक करून चालतात, पण रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम आणि तिघांचा फ्लो सारखा असल्याची खात्री करा. डेटा नसलेले स्वस्त नवे इंजेक्टर त्यापेक्षा वाईट.

पुढचा बेत चक्रात तीन फवारे देऊन आयडल मऊ करण्याचा होता. वरचा हिशेब मांडताना तो बाद झाला: २ मिलिसेकंदांचे तीन भाग केले की प्रत्येकी ०.६७, आणि प्रत्येकावर पुन्हा १ चा डेड टाईम. त्यापेक्षा एकच फवारा ठेवून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेवर फवारा) बरं. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतोच. त्याच्या बॉडीत एक व्हेन (फिरणारी पत्र्याची पाती) आणि ती ओळखणारा हॉल सेन्सर बसवला की कोणत्या सिलिंडरची पाळी ते सांगणारा कॅम सिग्नल तयार, मग इग्निशन तीन कॉइलवर. व्हेनची कड क्रँकवरच्या ३६-१ चाकाच्या (३६ पैकी एक दात गाळलेलं) गाळलेल्या दाताजवळ येऊ द्यायची नाही. त्याआधी शाफ्टच्या बुशमधला खेळ तपासायचा आहे.