तीन सूत जागा, कडुनिंबाची सावली: आमची वाटचाल

आज मधपेट्या करणारं आमचं दुकान मुळात मधमाश्यांचं नव्हेच. आप्पा मागाचं सुतारकाम करायचे. सोलापुरात गल्लोगल्ली चादरीचे, टॉवेलचे माग खडखडत होते, तोवर धोटे (ताण्यातून आडवा धागा नेणारे लाकडी तुकडे) आणि मागाची दुरुस्ती यांवर घर चाललं. धोटा जरा खडबडीत राहिला तरी ताणा तुटतो. त्यामुळे ‘चालतंय की’ हे शब्द आप्पांना खपायचे नाहीत. पुढं बिनधोट्याचे माग आले, काही कारखाने बंद पडले, आणि मी कपाटं, दिवाण, किचन ट्रॉल्या करू लागलो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. पोट भरलं.

मधपेटी दुकानात आली ती सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्या शेतकऱ्यामुळं. बहार धरला होता आणि फुलांवर माशी फिरकत नव्हती. मोडकी पेटी टेम्पोतून उतरवून ते म्हणाले, “काय ओ मिस्त्री, असल्या दहा करून द्या की.” खोकंच तर आहे, म्हणून मी हो म्हटलं. मोडक्या पेटीचीच मापं घेतली. वर स्वतःची अक्कल चालवली ती वेगळीच: आपल्याकडचा उन्हाळा बघून, हवा खेळावी म्हणून झाकण आणि आतल्या, माश्या पोळं बांधतात त्या चौकटी यांच्यात इंचभर पोकळी ठेवली.

दीड महिन्यानं त्यांचा फोन आला. झाकण उघडायला जावं तर चौकटी झाकणाबरोबर वर येत होत्या. माश्यांनी त्या इंचभर पोकळीत पोळं बांधून झाकण चौकटींना जोडून टाकलं होतं. जोर लावला तसं पोळं फाटलं, मध सांडला, मुंगळ्यांची रांग लागली आणि शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला आल्या. दहाच्या दहा पेट्या परत आणल्या. पैसेही परत दिले.

मग शिकायला पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत गेलो आणि तिथं कळलं की सगळा खेळ पोकळीचा आहे. अमेरिकेतले पाद्री लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये तो ओळखला आणि पुढच्याच वर्षी त्यावर बेतलेल्या पेटीचं पेटंट घेतलं. साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट माश्या ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट झाडांच्या डिंकानं लिंपून टाकतात, रुंद असली तर तिथं पोळं बांधतात. घरी येऊन आप्पांना हे सांगितलं तर ते मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, “म्हणजे दोन ते तीन सूत. एवढ्यासाठी पुण्याला गेलतास व्हय?” आठ सुतांचा इंच. धोट्याच्या कामात जन्म गेलेल्या माणसाला तीन सूत म्हणजे ढोबळ माप.

तेव्हापासून चौकटी जिच्यावर टेकतात त्या बैठकीच्या पट्टीची खाच कुठं पाडायची, हे आप्पा ठरवतात. आम्ही दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी करतो, कारण आमच्या माळावर पाळायला मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशी बरी पडते. सातेरी ही देशी माशी सह्याद्रीकडची, तिची पेटी लहान लागते. मेलिफेराच्या शेजारशेजारच्या दोन पोळ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत 35 मिलिमीटर अंतर हवं, म्हणून चौकटींची बाजूची पट्टी तेवढ्याच रुंदीची ठेवतो. एकमेकींना चिकटवून लावल्या की मोजायची गरज उरत नाही. लाकूड कैलचं (हिमालयातला पाइन), पूर्ण वाळलेलं. ओली फळी सोलापूरच्या उन्हात महिनाभरात तडकते आणि त्या भेगेतून मेणकिडा शिरतो. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड स्वस्त पडतं खरं, पण त्यावर काय फवारलंय ते कुणी सांगत नाही, म्हणून ते वापरायचं नाही. रंग बाहेरूनच, पांढरा. आतून काहीही लावायचं नाही.

पेटी सुधारली, तरी धडा अर्धाच झाला होता. सवय व्हावी म्हणून माश्यांच्या दोन वसाहती विकत घेतल्या आणि दुकानामागं, पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. जागा रिकामी होती, एवढंच त्या जागेचं पुण्य. मार्च निभला. मेमध्ये पारा 43 च्या वर गेला आणि दुपारी पश्चिमेचं ऊन थेट पत्र्यावर. पिलावा (अंडी-अळ्या) वाढवायला पेटीत 35 अंशांच्या आसपासच ऊब लागते. बाहेर त्याहून तापलं की माश्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. आमच्या पेट्यांजवळ पाणी नव्हतं, म्हणून त्या शेजारणीच्या कूलरवर जाऊ लागल्या. तिचा ओरडा रोज, माझी माफी रोज. शेवटी एका दुपारी मेण मऊ होऊन मधानं भरलेली पोळी ढासळली, दारातून मध वाहू लागला. एक वसाहत संपली, दुसरी उडून गेली.

आता कुणी पहिली पेटी मागितली की मी आधी त्यांची जागा बघायला जातो. कडुनिंब किंवा चिंच असली तर अर्धं काम झालं, कारण सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी सावली. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला, पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा. दारासमोर दहा-बारा फूट मोकळी जागा, तिथून शेळ्यांची वाट किंवा पायवाट नको. स्टँड दीड फुटाचं, पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंगळे चढत नाहीत. पेटी पुढं किंचित कललेली, पावसाचं पाणी दारातून निघून जावं म्हणून. रात्रभर जळणारा बल्ब जवळ असेल तर पेटी लांबवा. पसरट भांड्यात खडे घालून पाणी माश्या यायच्या आधीपासून भरून ठेवायचं, कारण एकदा शेजाऱ्याच्या कूलरची सवय लागली की मोडत नाही. आणि शेजारच्या रानात फवारणी कधी होते, हे विचारून ठेवायचं. फुलावर असताना भर दुपारी फवारलं तर पेटी कितीही सुबक असून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पेटी हलवण्यात. मोहोळ गावाकडच्या एका पोराने झाडाची फांदी तोडायची म्हणून पेटी दिवसा वीस फूट सरकवली. चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागेवर घिरट्या घालत राहिल्या. पेटी हलवायची तर रात्री, दार जाळीने बंद करून, आणि एक तर दोन-तीन फूट नाहीतर थेट चार-पाच किलोमीटर दूर.

या अटींमुळं धंदा सावकाश चालतो. महिन्याला वीस-पंचवीस पेट्या, दोन कारागीर आणि आप्पा. परवा ‘जुळे सोलापूर’ भागातले एक निवृत्त गुरुजी आले, गच्चीवर पेटी ठेवायची म्हणून. मी जाऊन बघितलं. वर पाण्याची काळी टाकी, सावली म्हणावी तर वाळत घातलेल्या चादरींची. त्यांना म्हटलं, “गुरुजी, खाली अंगणातल्या शेवग्याजवळ थोडी सावली आहे, ती वाढू द्या, मग बघू.” त्यांना ते पटलं नाही. पण जाताना त्यांनी झोपाळ्याची चौकशी केली, आणि गेल्या आठवड्यात तो बसवून आलो. शेवगा अजून लहानच आहे.