खाज पांढऱ्या काविळीची नव्हती

सातवा महिना संपत आला आणि तळहात-तळपाय खाजायला लागले. घरात प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." आई फोनवर म्हणाली, "उष्णता आहे, सब्जा पी." नवरा काहीच बोलला नाही, नुसता माझ्या फायलीकडे बघत राहिला. तिच्या कव्हरवर लाल पेनने 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' लिहिलेलं होतं, चांगलं ठळक, दोनदा अधोरेखित करून.

मला हिपॅटायटिस बी, आपल्याकडची पांढरी कावीळ, आहे हे गरोदरपणाच्या पहिल्याच रक्ततपासणीत कळलं. मग आईची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे माझ्याकडे ती बहुतेक जन्मापासूनच असावी. धाकटी बहीण निगेटिव्ह, तिने लगेच लस घेतली. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कमी होता; लिव्हरला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी नॉर्मल. लोड २ लाखांच्या वर असता तर २८व्या आठवड्याच्या सुमारास टेनोफोविर हे विषाणू दाबणारं औषध सुरू केलं असतं, पण तुम्हाला गरज नाही, असं लिव्हरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तरी एका ठिकाणी नाव घालायला गेले तर रिपोर्ट बघून "आमच्याकडे सोय नाही" म्हणाले. कसली सोय? हातमोजे आणि निर्जंतुक केलेली हत्यारं तर प्रत्येकच बाळंतपणाला लागतात.

त्यानंतर अंगावर काहीही दिसलं की ते काविळीच्या खात्यात जमा व्हायचं. गालावर वांग आले, लिव्हर. पोटावर काळी रेघ आली, लिव्हर. आणि तळहात लाल झाले तेव्हा मीही घाबरले. अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा अगदी आळता लावल्यासारखा. छातीवर एक बारीक लाल ठिपका, त्यातून चहूबाजूंना केसासारख्या रेषा. बाळंतपणाच्या डॉक्टर मॅडमनी पेनाच्या टोकाने मधोमध दाबलं, रेषा पुसल्या गेल्या. पेन उचललं तशा त्या मधूनच पुन्हा भरत गेल्या. लिव्हर खराब झालेल्या पेशंटमध्येही हे असंच दिसतं, पण धडधाकट गरोदर बाईतही दिसतं, कारण दोन्हीकडे इस्ट्रोजेन वाढलेलं असतं. बाळंतपणानंतर जातं, म्हणाल्या. गेलंही.

खाजेला मात्र त्या हसल्या नाहीत. "पुरळ आहे?" नव्हतं. नखांचे ओरखडे होते, तेवढेच. "कधी खाजतं?" रात्री. दिवसा पतसंस्थेत कॅशवर बसले की फारसं जाणवायचं नाही, पण रात्री दोनला मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून वजरीने तळपाय घासत असायचे. पुरळ नाही, खाज तळहात-तळपायांना आणि रात्री जास्त, एवढ्यावरच त्यांनी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), बाइल ॲसिड (रक्तातलं पित्ताम्ल) आणि पुन्हा एकदा व्हायरल लोड लिहून दिला. हिपॅटायटिस सी झालेल्या बायकांमध्ये अशी खाज जास्त आढळते, म्हणून तीही तपासणी केली. ती निगेटिव्ह.

एसजीपीटी चांगलाच वाढला होता. बाइल ॲसिड ३४. गरोदरपणात १९च्या वर गेलं की जास्त धरतात. व्हायरल लोड मात्र होता तिथेच. म्हणजे विषाणू गप्पच होता. लिव्हरमधून पित्त नीट वाहत नव्हतं, ते रक्तात साचत होतं. याला गरोदरपणातला कोलेस्टॅसिस म्हणतात. आईला खाजेशिवाय फारसा त्रास नसतो, पण आकडा १००च्या पुढे गेला तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून दर आठवड्याला रक्त द्यायचं. पित्त वाहतं करणाऱ्या उर्सोच्या गोळ्या घेतल्या, खाज थोडी कमी झाली. बाळाच्या दृष्टीने या गोळीचा फायदा २०१९ सालच्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसला नव्हता, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मला ते आवडलं. खरा आधार आठवड्याच्या आकड्याचा होता. तो ४६ वर गेल्यावर ३८व्या आठवड्यात कळा सुरू करून बाळंतपण केलं.

मुलगी झाली. बारा तासांच्या आत तिला एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. अंगावरचं दूध चालतं, हे सासूबाईंना नर्सकडून वदवून घ्यावं लागलं, माझ्या तोंडून ते पटलं नसतं. आठवडा उलटायच्या आत खाज पूर्ण थांबली. पुढच्या खेपेला ती परत येण्याची शक्यता बरीच आहे. घराण्यातही चालते, त्यामुळे बहिणीला दिवस गेले तेव्हा मी तिला आधीच बजावून ठेवलं होतं.

आठव्या महिन्यात तिचा फोन आला, "ताई, खाजतंय." तिचं वेगळंच निघालं. पोटावर ताणाचे जे व्रण पडतात त्यातूनच लाल गांधी उठलेल्या, मांड्यांपर्यंत उतरलेल्या, बेंबीभोवतीची जागा तेवढी कोरी. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, पहिलटकरणींना होतं, बाळाला काही नाही, मलम लावा. तरी मी तिला एलएफटी आणि बाइल ॲसिड करायलाच लावलं. दोन्ही नॉर्मल. आता फोनवर पैसे फुकट गेले म्हणून कुरकुरते. कुरकुरू दे.